सोहनशेठची गाडी आणि वनसिंगचा डोंगर

सोहनशेठ कधीही दाराकडे पाठ करून बसत नसत. दुकानात त्यांची गादी मागच्या भिंतीला टेकलेली आणि तोंड रस्त्याकडे. घरात खुर्ची भिंतीला आणि नजर जिन्यावर. लग्नाच्या पंगतीत भिंतीकडची जागा मिळाली नाही तर 'आज पोट जड आहे' म्हणून ते उठायचे आणि घरी येऊन जेवायचे. एकदा मी न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "सिस्टरबाई, पाठले डोया ऱ्हातस का?"

मी म्हसावदच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घेतल्या म्हणजे काय, मिळवल्या. माझ्या आधीच्या घरमालकाचा नंबर त्यांनी मागून घेतला, फोन केला. घरमालकाने माझं फार कौतुक केलं. तेवढ्यावर शेठचं समाधान होईल तर ते सोहनशेठ कसले! त्यांनी त्या घरमालकाच्या शेजाऱ्याला गाठलं. "मालक ते गोडच बोलई," ते मला समजावून सांगू लागले, "भाडेकरू जावाले पाहिजे ना त्याले." माणसाची स्तुती ऐकून संशय वाढणारा असा मनुष्य मी तोवर पाहिला नव्हता. माझं माहेर साक्रीकडचं, त्यामुळे मला अहिराणी येते, हे कळल्यावर तर ते आणखीच सावध झाले. बाईला आपलं सगळं बोलणं कळतं, ही काही चांगली गोष्ट नव्हे.

त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. तीन पिढ्या किराणा. घरात कांदा-बटाटा नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण, मुंगी दिसली तर पाय अलीकडे. जिवाला जपायचं आणि माणसावर भरवसा ठेवायचा नाही, अशी दोन्ही व्रतं ते सारख्याच निष्ठेने पाळत. गिऱ्हाइकाला तराजू दोनदा दाखवायचे, आणि गिऱ्हाइकाने आणलेला मालही दोनदा तोलायचे. डोंगरातली माणसं आमचूर घेऊन यायची, तर शेठ पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी ओल लागते का ते बघायचे. मुलगा पारस सुरतेला कापडाच्या धंद्यात. तो सुट्टीला आला तरी दुकानाच्या किल्ल्या त्याच्याकडे जात नसत. त्या शेठच्या कमरेच्या करगोट्यालाच असायच्या.

मी राहायला आले त्याच आठवड्यात ते सकाळी दाराशी उभे राहिले. हातात रिकामा डबा.

"सिस्टरबाई, चहाना चोथा फेकू नका. माले लागस."

"कशाला हो शेठजी?"

"लागस," एवढं बोलून ते गेले.

आता मला सांगा, भाडेकरणीचा उकळलेला चहा मालकाला कशाला लागतो? मी आधी झाडांना खत म्हणून असेल असं धरलं. पण घरात तुळशीखेरीज झाड नव्हतं. मग मला वाटलं, हा बाबा चोथा वाळवून पुन्हा चहापत्तीत मिसळून विकतो. दोन महिने मी त्यांच्या दुकानातून चहा घेतला नाही. मागच्या गल्लीतून आणायचे आणि पुडी पर्समध्ये लपवून घरात न्यायचे. त्यांच्याबरोबर राहून मला लागण झाली होती, दुसरं काय.

त्यात वरच्या मजल्यावरचे आवाज. दुपारी दुकान मिटलं की शेठ वर जायचे, आतून कडी लावायचे, आणि माझ्या डोक्यावर सुरू व्हायचं. करवत. हातोडी. काहीतरी घासल्याचा आवाज. मग बराच वेळ शांतता, आणि मग घरघर, शिलाई मशीनसारखी पण त्याहून बारीक. घरघर खोलीभर फिरायची. एका कोपऱ्यातून निघायची, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन थांबायची. खट्ट. मग शेठच्या तोंडून एक मारवाडी शब्द, ज्याचा अर्थ मी कमलाबाईंना विचारला तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले. कमलाबाई म्हणजे शेठची बायको, सरळ आणि हसरी बाई. "वर काय चालतं?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "काही नही वं. त्यासनं काम." नवरा नोटा छापत असेल तरी बायको हेच म्हणणार, असा विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला बोलू? पोलिसांत कोणी ओळखीचं आहे का, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

उलगडा झाला तो रक्त वाहिल्यामुळे. एका दुपारी कमलाबाई जिन्यावरून ओरडत खाली आल्या. करवतीने शेठचा अंगठा कापला होता. मी ड्रेसिंगचं सामान घेऊन वर धावले, तर शेठ दारात आडवे उभे. रक्त थेंबथेंब धोतरावर पडतंय आणि हा मनुष्य म्हणतोय, "आठेच बांधा. आत यायचं काम नही." मला चीड आली. मी नर्स आहे, मी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि खुर्चीत बसवलं. पट्टी बांधून झाली आणि मी मान वर केली.

खोलीभर रेल्वे होती.

तीन भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीचा फळ्यांचा ओटा, त्यावर शेतं, ओढे, रस्ते, घरं. ओटा दाराशेजारून सुरू होऊन दारासमोरच्या भिंतीच्या मध्यापर्यंत यायचा, आणि तिथे, बरोबर मधोमध, शेठची खुर्ची. रूळ खुर्चीच्या डाव्या हाताला येऊन संपत, तिथे स्टेशन होतं. पाटीवर 'म्हसावद' लिहिलेलं. शाळा ओळखू आली, आमचं आरोग्य केंद्र ओळखू आलं, बाहेरच्या हापशासकट. आणि काळीभोर नांगरलेली शेतं बघून मी खाली वाकले, वास घेतला. तो माझा चहा होता.

"कोनले सांगशात नही ना?" शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा मुद्देमालासकट सापडलेल्या माणसाचा झाला होता.

आमच्या भागात गाडी म्हणजे नंदुरबारला जाऊन बसायची. शहाद्याला रेल्वे येणार, पुढे म्हसावदवरून जाणार, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. शेठच्या आजोबांनी तर हे कोपऱ्यावरचं घर बांधलंच मुळी त्या भरवशावर. इथून स्टेशन जवळ पडेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पट्टी बांधलेला अंगठा वर धरून शेठ मला म्हणाले, "आजाले सांगं, गाडी येस. बाले सांगं, गाडी येस. माले बी सांगं. आते मी कोनावर भरवसा ठेवाव नही. मन्ही गाडी मीच लई उनू." गाडी येईल यावर ज्याचा विश्वास बसत नाही, त्याने ती घरी बांधायला काढावी, यात मला काही चूक दिसेना. मला लाज वाटली ती एवढीच, की दोन महिने मी बाहेरचा बेचव चहा पीत होते.

इंजिन आणि डबे पारसने मुंबईहून आणून दिले होते. शेठनी पहिल्याच दिवशी इंजिन खोलून आत मोटर आहे की नाही ते बघितलं. बाकी सगळं त्यांच्या हातचं. आधी त्यांनी जमिनीवर खडूने मार्ग आखला होता, तो अजून फळ्यांखाली दिसायचा. वळण जरा आवळलं की डबे कलंडायचे, म्हणून एक वळण त्यांनी तीनदा उखडलं. पुलाखाली आरशाचा तुकडा म्हणजे नदी. मच्छरदाणीचे तुकडे हिरवे रंगवून झाडं. लाकडाचा भुसा रंगवून गवत. आणि त्यांच्या किराणा डोक्यातून निघालेली सगळ्यात मोठी करामत म्हणजे रुळांखालची खडी. इतकी बारीक, इतकी एकसारखी खडी कुठे मिळणार? शेठना ती दुकानातच मिळाली. त्यांनी राजगिरा रंगवून सगळ्या मार्गावर पसरला आणि गव्हाच्या खळीने चिकटवला. दिसायला अगदी हुबेहूब.

पुढच्या आठवड्यात खडी चोरीला जाऊ लागली.

आज पुलाजवळची, उद्या स्टेशनासमोरची. शेठनी आधी माझ्याकडे बघितलं. मग कमलाबाईंकडे. मग खोलीला दुसरं कुलूप आलं. मग उंबऱ्याशी पिठाची रांगोळी, पावलं उठतात का ते बघायला. पावलं उठली, चार-चार बोटांची. मी हसू दाबत म्हणाले, "शेठजी, तुम्ही उंदरांसाठी पंगत मांडलीय. पान वाढलंय, वर गव्हाची खळ." त्यांना ते पटेना. "राजगिरा रंगाडेल शे, त्याले काय समजस?"

पटल्यावर पुढचा पेच. जीव मारायचा नाही. मग पिंजरा आणला. रोज सकाळी शेठ पिंजरा झाकून स्कूटरवर ठेवत आणि गावाबाहेर कालव्यापलीकडे उंदीर सोडून येत. पण त्यांना दाट शंका, की तोच उंदीर परत येतो. म्हणून त्यांनी काय करावं? झाडं रंगवायच्या ब्रशने उंदराच्या शेपटीला हिरवा रंग लावून सोडला. चौथ्या दिवशी पिंजऱ्यात हिरव्या शेपटीचा उंदीर. शेठ पिंजरा घेऊन माझ्या दाराशी आले तेव्हा त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नाही. "तोच शे! मी सांगं व्हतं ना?" त्यांचा संशय कधी नव्हे तो खरा ठरला होता. त्या दिवशी त्यांनी मला पाव किलो गूळ फुकट दिला, न तोलता. नंतर राजगिरा खरवडून काढला आणि तिथे चाळलेली खरी वाळू आली.

आता वनसिंगबद्दल सांगायला हवं.

वनसिंग पावरा धडगावच्या वाटेवर, घाटात वरच्या अंगाला एका पाड्यात राहायचा. शेठच्याच वयाचा, उंच, सडसडीत, कमी बोलणारा. घरी पावरी, बाजारात अहिराणी. दर बाजाराच्या दिवशी तो जीपने खाली यायचा, आमचूर किंवा डिंक शेठला घालायचा आणि मीठ, तेल, मिरची घेऊन जायचा. त्याच्या मागे अख्खा पाडा याच दुकानात यायचा. शेठच्या बापाच्या वेळेपासूनचं हे. शेठ चाळीस वर्षं त्याच्या पोत्यात हात घालून ओल बघत आले आणि तो चाळीस वर्षं शांतपणे बघू देत आला. एवढं होऊन बाजाराच्या दिवशी त्याची जीप उशिरा आली तर शेठ गादीवरून उठून रस्त्यावर जात. दुसऱ्या कोणासाठी ते उठलेले मी पाहिले नाहीत.

शेठना आपल्या रेल्वेला डोंगर हवा होता, आणि तो खरा हवा होता. म्हणजे वनसिंगच्या पाड्याचाच. त्यांनी वनसिंगला सांगून डोंगरावरची लाल माती मागवली, काळा दगड मागवला, सागाच्या काटक्या मागवल्या. कशाला, ते सांगितलं नाही. सांगण्याची सवयच नव्हती. वनसिंगनेही विचारलं नाही, पण दर खेपेला मागच्या दारी पिशवी देताना तो शेठकडे जरा जास्त वेळ बघायचा. ते मी माझ्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

डोंगर छान झाला. ओटा दारासमोरच्या भिंतीकडे वळतो त्या कोपऱ्यात, माथा उभ्या माणसाच्या छातीशी येईल एवढा, वनसिंगच्याच मातीने लिंपलेला. वर पाच-सहा घरं. गाडी त्याच्यावरून न्यायचा शेठचा बेत होता, पण एवढ्याशा जागेत चढ बसेना. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची आणि डबे मागे घसरायचे. म्हणून शेठनी डोंगराला आरपार बोगदा पाडला. आत डबा घसरला तर हात घालता यावा म्हणून अख्खा डोंगर उचलून बाजूला ठेवता येईल असा केला. कामात ते पक्के होते.

एव्हाना गावात कुजबुज सुरू झाली होती. कमलाबाईंच्या तोंडून कुठेतरी निसटलं असेल. सोहनशेठच्या माडीवर रेल्वेचा नकाशा आहे, स्टेशन कुठे पडणार ते त्याला आतून कळलंय, म्हणून तो दार लावून बसतो. चार माणसं मला आरोग्य केंद्रात येऊन विचारून गेली, "सिस्टर, आमचं शेत रुळाच्या कोणत्या अंगाला येतं?" एकाला ताप नव्हता, तरी त्याने पॅरासिटामॉल घेतली आणि तेच विचारलं. मी म्हणाले, अहो, तो खेळ आहे. ते एकमेकांकडे बघून हसले. सोहनशेठ आणि खेळ? जो माणूस सुतळीचा तुकडा फेकत नाही, तो खेळासाठी खोली अडवील? शेठचा संशयी स्वभाव त्यांच्यावरच उलटला होता. लपवतो आहे, म्हणजे काळंबेरं असलंच पाहिजे.

ही कुजबुज जीपने घाटात गेली.

पुढच्या बाजाराला वनसिंगने पोतं गादीपाशी टेकवलं नाही. पोतं खांद्यावर ठेवूनच तो म्हणाला, "शेठ, माले वर दखाड."

शेठ गडबडले. मी तेव्हा दुकानात साखर घ्यायला उभी होते, म्हणून हे मला ठाऊक. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि वनसिंगचा चेहरा बघून किल्ली काढली. वनसिंगने पोतं जिन्याखाली टेकवलं, आणि मीही मागोमाग वर गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

वनसिंग ओट्याभोवती हळूहळू फिरला. शाळा, बाजार, शेतं. डोंगरापाशी थांबला. माती बोटाने खरवडून चिमटीत चोळली. आपलं घर त्याला ओळखू आलं. मग तो वाकला आणि बोगद्याच्या या तोंडातून बघत राहिला. पलीकडचा उजेड दिसत होता.

"मन्हा घरना खालतून?"

"चढ काही जमना नही," शेठ म्हणाले.

वनसिंग सरळ उभा राहिला आणि दाराकडे वळला. जिना उतरताना माझ्याशी बोलला, शेठशी नव्हे. नर्मदेकाठचे त्याचे मामेभाऊ, ज्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्यांच्याबरोबर तो तरुणपणी एका कचेरीत गेला होता. "तठे असाच डोंगर व्हता बाई. काचखाली. बारीक बारीक घरं. निळा रंगनं पाणी. पहिले टेबलवर करतस. मंग खरं करतस. आनी माती बी पहिले नेतस." आमचुराचं पोतं उचलून तो निघून गेला.

त्यानंतर बाजाराचे दिवस येत राहिले, पण वनसिंग आला नाही, आणि पाड्यातलं दुसरंही कोणी आलं नाही. ते धडगावला माल घालू लागले. शेठ म्हणायचे, जाऊ दे, गिऱ्हाईक काय, एक गेलं दुसरं येतं. पण जीपचा हॉर्न वाजला की मान उचलायचे. दुपारी वर जायचे, पण घरघर ऐकू यायची नाही. नुसतेच बसलेले असायचे. एकदा जेवताना म्हणाले, "मी त्याले कधी कमी तोलं का? कधी फसाडं का? चाळीस वर्षमा त्याले इतला बी भरवसा नही?"

तेव्हा मी तिथे भाकरी खात बसले होते. आमच्या हसऱ्या कमलाबाईंनी चुलीपुढून मान वळवली. "चाळीस वर्ष तुम्ही त्यानं पोतामा हात घालीसन दखं. त्यानी एक डाव तुम्हनं घरमा डोकायीसन दखं, ते तुम्हले लागनं?"

शेठनी मान खाली घालून घास तोंडात घातला. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

लसीकरणासाठी मला त्या पाड्यात जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी शेठ माझ्या दाराशी आले. हात रिकामे, चोथ्याचा डबाही नाही. "त्याले सांगा, पुरी खोली देखी ले. सोबत कोनले बी आन." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मी समोर उभी राहून बघितलं.

वनसिंग आला. पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन. तिघांनी खोलीचा कोपरा न् कोपरा बघितला. फळ्यांखाली वाकले, वायरी धरून धरून शेवटपर्यंत गेले, रंगाचे डबे हुंगले. शेठ खुर्चीत बसून होते. जी तपासणी ते जन्मभर तराजूपाशी करत आले, ती आता दुसरे करत होते. गाडी चालवून दाखवली. एक म्हातारा हसला, पण वनसिंगने त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

"हाई कोनी करवाले सांगं?"

"कोनी नही. मीच."

"कसाले?"

गाडी हवी होती म्हणून गाडी केली, हे खरं उत्तर. पण ते मोठ्याने म्हणायला माणसाला धीर लागतो. शेवटी ते म्हणाले, "खेळ शे रे भो. नुसता खेळ."

"खेळ शे?" वनसिंग म्हणाला. "मंग डोंगर माले दे."

शेठनी आयुष्यात कोणाला वजनाचं मापही उसनं दिलं नव्हतं. ते उठले, डोंगराच्या दोन्ही बाजूंनी हात घातले आणि तो उचलून वनसिंगच्या हातांवर ठेवला. कधी परत आणशील, असं त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. कमलाबाईंनी एक जुनं लुगडं आणून डोंगर झाकला. वनसिंग पुढच्या सीटवर डोंगर मांडीवर घेऊन बसला, आणि जीप घाटाकडे गेली. शेठ रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते ती दिसेनाशी होईपर्यंत.

मग गाव बोलू लागलं. पावऱ्याने पुरावा नेला. तो आता धडगावच्या कचेरीत तो डोंगर मांडणार. शेठवर अर्ज होणार. शेठ ऐकून घ्यायचे आणि दुपारी मला विचारायचे, "तो येई ना?" मी म्हणायचे, येईल. "तुम्हले कसं माहित?" मला काहीच माहीत नव्हतं. कोपऱ्यातले बोगद्याचे रूळ उघडे पडले होते. त्यांवर शेठनी दुसरं काही बांधलं नाही.

होळी झाली. डोंगरातल्या होळ्यांवरून परतलेली माणसं अजून रंगलेली होती, त्या दिवसांत एका दुपारी जीप दुकानासमोर थांबली आणि वनसिंग उतरला. हातांवर तेच लुगडं. शेठ गादीवरून उठले. त्याने लुगडं काढलं.

डोंगर बदलला होता. घरं जिथे खरोखर आहेत तिथे सरकली होती, काडीला काडी बांधून नव्याने शाकारलेली. अंगणात मातीच्या गाई होत्या. एक वाकडं मोहाचं झाड होतं, कोणाचं ते पाड्यात सगळ्यांना माहीत. आणि बोगद्याची दोन्ही तोंडं दगडमातीने पक्की बुजवलेली.

"आते बराबर शे," वनसिंग म्हणाला. "तुन्ही गाडी बाजूतून जाऊ दे."

मला वाटलं, शेठ म्हणतील, नाही जमायचं. कारण मला एव्हाना त्या खोलीची जागा पाठ झाली होती. डोंगराला बाहेरून वळसा घालायचा तर वळण मोठं हवं, आणि मोठं वळण घ्यायला जागा एकच होती, ती दारासमोरच्या भिंतीशी. तिथे शेठची खुर्ची होती. शेठनी डोंगर वर नेला, जागेवर बसवला आणि कितीतरी वेळ खडू घेऊन जमिनीवर उकिडवे बसले. मग उठून खुर्ची ओढून बाजूला केली.

महिनाभर माझ्या डोक्यावर करवत चालली. बाजाराच्या दिवशी पाडा पुन्हा दुकानात येऊ लागला. शेठनी वनसिंगच्या पोत्यात हात घालून ओल बघितली. वनसिंग म्हणाला, "देख, देख," आणि दोघेही हसले नाहीत. स्वभाव काही असा एका होळीत जळत नाही.

उन्हाळ्यात माझी बदली अक्कलकुव्याला झाली. सामान टेम्पोत चढल्यावर मी खोलीची किल्ली आणि शेवटच्या आठवड्याचा वाळवलेला चोथा घेऊन वर गेले. बाजाराचा दिवस होता. दाराला ना कडी, ना कुलूप. आत घरघर चालू होती. वनसिंग डोंगरापाशी उभा होता आणि गाडी पाड्याच्या पायथ्याशी आली की 'थांबाड' म्हणत होता. खुर्ची आता खोलीच्या मधोमध आली होती. शेठ तिच्यात पुढे झुकून बसले होते. इतके दिवस त्यांच्या घरात राहून मला त्यांची पाठ ठाऊक नव्हती. बनियनला मधोमध एक ठिगळ होतं, कमलाबाईंच्या हातचं असावं.

मी उंबऱ्याशी डबा ठेवला, त्यावर किल्ली ठेवली. किल्ली वाजली. जिन्याची पायरीही मी जरा जोरातच वाजवली.

शेठनी मागे वळून बघितलं नाही.